परक्या शहरांत बिऱ्हाड

परदेश पाहणें आणि परदेशांत राहणें ह्या दोन अगदीं भिन्न गोष्टी आहेत. पाहण्यास पैसा, सवड व उत्साह एवढें असलें म्हणजे भागतें. राहण्यास मात्र मनुष्याचा स्वभावच कसोटीस लागतो. प्रवासवर्णनें वाचून आपणांस मनोरे, राजवाडे, पूल व वस्तुसंग्रहालयें यांची माहिती मिळते. परंतु ज्यास त्या शहरांत चूल मांडावयाची आहे त्याचे प्रश्न निराळेच असतात. पत्ता कसा शोधावा? परक्यास घर कोण देईल? केरकचरा कोणत्या दिवशीं व कोठें ठेवावा? आजारीपणांत कोणास बोलवावें? शेजाऱ्यास काय म्हणून हाक मारावी? हे प्रश्न दिसावयास क्षुल्लक आहेत, पण पहिल्या कांहीं महिन्यांतील सुखदुःख बहुतेक ह्यांवरच अवलंबून असतें.

आपल्या शाळांतून बाहेर पडलेले पुष्कळ विद्यार्थी हल्लीं शिक्षणासाठीं व नोकरीसाठीं परदेशीं जातात. त्यांस व उद्यां जाऊं इच्छिणारांस उपयोग व्हावा ह्या हेतूनें येथें एका शहराचें उदाहरण घेऊन ह्या विषयाचा विचार करूं. तें शहर म्हणजे जपानची राजधानी टोकियो. तेथील लिपि आपणांस अपरिचित, इंग्रजीचा आधार थोडा, आणि दैनिक वर्तनाचे नियम पुष्कळ व काटेकोर. जो तेथें बिऱ्हाड थाटूं शकेल त्यास इतरत्र फारसें अवघड जाऊं नये. माझें म्हणणें थोडक्यांत असें आहे कीं, शहराचे लहानसहान नियम म्हणजे तेथील शेजाऱ्यांनीं एकमेकांस दिलेलीं वचनें होत. तीं आपण पाळूं लागलों म्हणजे प्रवाशाचे रहिवासी होतों. मात्र वचन म्हटलें कीं त्यास दोन पक्ष आले. एकट्या पाहुण्यानें तें पुरें होत नाहीं.

प्रथम शहराची थोडी ओळख करून घेऊं. टोकियो ह्या नांवाचा अर्थ ‘पूर्वेकडील राजधानी’ असा आहे. इ. स. १८६८ पर्यंत हें शहर एदो ह्या नांवानें ओळखलें जात असे. २०२० सालच्या जपानी खानेसुमारींत टोकियो महानगराची लोकसंख्या सुमारे १ कोटि ४० लक्ष भरली व त्यांपैकीं सुमारे ९७ लक्ष लोक मधल्या २३ विभागांत राहत होते. ह्या विभागास ‘कु’ म्हणतात. प्रत्येक विभागास स्वतःचें लोकनियुक्त सभागृह व स्वतःची कचेरी असते; नव्या रहिवाशाचा सरकाराशीं संबंध येतो तो बहुधा ह्या कचेरीच्या द्वारेंच.

महाराष्ट्रास हें शहर अगदींच अनोळखी नाहीं. तेथील महिला विद्यापीठ १९०१ सालीं निघालें. त्याची माहिती देणारी एक पुस्तिका महर्षि धोंडो केशव कर्वे यांच्या वाचनांत आली, आणि तींतून स्फूर्ति घेऊन त्यांनीं १९१६ सालीं आपलें महिला विद्यापीठ स्थापिलें. अलीकडे एदोगावा ह्या विभागांत, निशि-कासाइ स्टेशनाच्या आसपास, भारतीय लोकांची बरीच वस्ती झाली आहे. २००० सालाच्या सुमारास संगणकाच्या कामासाठीं गेलेल्या तरुणांमुळें ती वाढूं लागली. ह्याच विभागाच्या सभागृहावर २०१९ सालीं योगेंद्र पुराणिक हे मूळचे महाराष्ट्रांतील गृहस्थ निवडून आले. म्हणजे परक्या शहरांत बिऱ्हाड करणें ही गोष्ट किती दूरवर जाऊं शकते, ह्याचें उदाहरण आपल्याच मुलखांतील आहे.

आतां व्यवहाराकडे वळूं. नवख्याची पहिली तारांबळ पत्त्यापाशीं उडते. आपण रस्त्याच्या नांवानें घर शोधतों. टोकियोंत बहुतेक रस्त्यांस नांवच नसतें. नांव व क्रमांक असतात ते रस्त्यांनीं वेढलेल्या जमिनीच्या तुकड्यांस. विभागांत वस्त्या, वस्तींत क्रमांकाचे भाग, भागांत क्रमांकाचे चौक आणि चौकांत क्रमांकाचीं घरें, अशी ती उतरंड आहे. पत्त्यांत ‘३-५-१२’ असें लिहिलें असेल, तर तिसऱ्या भागांतील पांचव्या चौकांतील बारा क्रमांकाचें घर असा त्याचा अर्थ करावयाचा. पुण्याच्या पेठांतील जुने घरक्रमांक ज्यांस ठाऊक आहेत त्यांस ही पद्धति फारशी विचित्र वाटणार नाहीं. पूर्वीं तेथें घरांचे क्रमांक जमिनीच्या नोंदीप्रमाणें असत, त्यामुळें लगतच्या दोन घरांचे आंकडे एकमेकांपासून फार दूरचे असण्याचा संभव होता. १९६२ सालीं ह्यासाठीं कायदा झाला, आणि तेव्हांपासून चौकाभोंवतीं घड्याळाच्या कांट्याच्या दिशेनें अनुक्रमांक देण्याची रीत पडली.

पाकिटावर पत्ता लिहावयाचा तोही आपल्या उलट क्रमानें. प्रथम सात आंकड्यांचा टपालक्रमांक, मग महानगर, मग विभाग, मग वस्ती, मग आंकडे, आणि सर्वांच्या शेवटीं माणसाचें नांव. आपण माणसापासून आरंभ करून गांवापर्यंत जातों. ते गांवापासून आरंभ करून माणसापर्यंत येतात. हल्लीं खिशांतील दूरध्वनीवर नकाशा पाहतां येतो हें खरें; परंतु तो बंद पडला म्हणजे ‘कोबान’ उपयोगी पडतें. कोबान म्हणजे नाक्यावरची लहानशी पोलीस चौकी. टोकियोंत ही प्रथा १८७४ सालीं सुरू झाली. चौकींत त्या वस्तीचा मोठा नकाशा असतो, आणि वाट विचारावयास आलेल्यास ती दाखविणें हें तेथील शिपायाच्या नित्य कामांपैकींच एक काम आहे. हरवलेली छत्री किंवा सांपडलेलें पैशांचें पाकीट लोक येथेंच आणून देतात. पोलिसांकडे वाट विचारावयास जाण्याची भीति आपल्याकडील कित्येकांस वाटते. तेथें गेल्यावर ती सोडून द्यावी.

दुसरें काम नोंदणीचें. दीर्घ मुदतीसाठीं जाणारास मोठ्या विमानतळावर उतरतांच निवासपत्र मिळतें. तें नेहमीं जवळ बाळगावें लागतें. राहण्याची जागा ठरली म्हणजे त्या दिवसापासून १४ दिवसांच्या आंत विभागाच्या कचेरींत जाऊन पत्ता नोंदवावा लागतो. २०१२ सालच्या जुलै महिन्यापासून परदेशी रहिवाशांचीं नांवें जपानी नागरिकांच्याच रहिवासी-पटांत लिहिलीं जातात. त्यापूर्वीं त्यांचा पट निराळा असे. तीन महिन्यांहून अधिक काळ राहणारा मनुष्य मालकाच्या योजनेंत नसल्यास ह्याच कचेरींत सार्वजनिक आरोग्यविम्यांत दाखल होतो, आणि मग औषधोपचाराच्या खर्चापैकीं सामान्यतः शेंकडा ३० भागच त्यास द्यावा लागतो. नोंदणी म्हणजे केवळ सरकारी कटकट, असें समजून ती लांबणीवर टाकूं नये. आजारीपणांत, चोरींत किंवा भूकंपांत आपली विचारपूस व्हावी असें वाटत असेल, तर आपण तेथें आहोंत हें कोणास तरी ठाऊक असलें पाहिजे. पोलिसांस बोलावण्याचा क्रमांक ११०, आणि आगीचा बंब व रुग्णवाहिका यांचा ११९, हे दोन आंकडे पहिल्याच दिवशीं पाठ करावे.

घर मिळविणें हें सर्वांत कठीण. खोलीचें माप तेथें अजूनही ‘तातामि’ म्हणजे गवती चटईच्या हिशेबानें सांगतात. एक चटई सुमारे १.६ चौरस मीटर धरतात. सहा चटयांची खोली म्हणजे एका माणसाच्या अंथरुणास, मेजास व चार भांड्यांस पुरेल इतकी जागा. भाड्याशिवाय आरंभीं अनामत रक्कम द्यावी लागते. पुष्कळ ठिकाणीं घरमालकास ‘रेइकिन’ म्हणजे आभाराची देणगीही द्यावी लागते व ती परत मिळत नाहीं. त्यांत दलालाचें वेतन व जामिनाचा खर्च मिळविला म्हणजे प्रथमच चार-पांच महिन्यांच्या भाड्याइतका पैसा हातांतून जातो. येथून निघतांना ही तजवीज न करणारास फार जड जातें.

ह्याहून जड जाणारी गोष्ट निराळीच आहे. जपानच्या न्यायखात्यानें २०१६ सालीं परदेशी रहिवाशांची एक पाहणी करविली व तिचा वृत्तांत पुढच्या वर्षीं प्रसिद्ध झाला. गेल्या पांच वर्षांत घर शोधलेल्या परदेशी लोकांपैकीं शेंकडा सुमारे ४० जणांनीं, आपण जपानी नाहीं म्हणून आपणांस घर नाकारण्यांत आलें, असें तींत सांगितलें. हें वाचून आपल्यापैकीं कोणी जपानी लोकांस नांवें ठेवूं लागेल, तर त्यानें प्रथम आपल्या गांवांतील ‘भाड्यानें देणें आहे’ ह्या पाट्यांमागचे प्रश्न आठवावे. जात कोणती, खाणें काय, मूळ गांव कोणतें, हे प्रश्न आपल्याकडे अजून विचारले जातात. नकार मिळाला म्हणजे मन कडू होतें, आणि कडवटपणानें केलेला संसार सुखाचा होत नाहीं. म्हणून शाळेच्या, विद्यापीठाच्या किंवा मालकाच्या जामिनकीवर घर मिळत असेल तर पहिल्या वर्षीं तेंच घ्यावें, आणि आपला शब्द व भाडें दोन्ही वेळच्या वेळीं पोंचवून पुढच्या परदेशी भाडेकऱ्याची वाट सुकर करावी.

घर मिळालें म्हणजे दाराशीं जोडे काढावे हें आपणांस सांगावयास नको. पण कचऱ्याविषयीं सांगितलेंच पाहिजे, कारण टोकियोंतील नवख्याची खरी परीक्षा तेथेंच होते. जळणारा कचरा, न जळणारा कचरा, आणि पुन्हां उपयोगांत येणाऱ्या बाटल्या, डबे व कागद यांचे वार ठरलेले असतात. ठरलेल्या दिवशीं सकाळींच, बहुधा आठ वाजण्यापूर्वीं, वस्तीच्या नेमलेल्या जागीं तो ठेवावयाचा. कावळ्यांनीं विस्कटूं नये म्हणून त्यावर जाळें ओढावयाचें. प्लॅस्टिकच्या बाटलीचें झांकण व वेष्टन काढून ती विसळून द्यावयाची. मोडकी खुर्ची किंवा गादी टाकावयाची असल्यास आधीं वर्दी देऊन, शुल्काची चिठ्ठी विकत घेऊन ती वस्तूवर चिकटवावयाची. वार चुकलेली पिशवी गाडी उचलीत नाहीं. ती दिवसभर तेथेंच पडून राहते, आणि ती कोणाची हें शेजाऱ्यांस बहुधा कळतें. रस्त्यावर कचऱ्याच्या पेट्याही क्वचितच दिसतात. १९९५ सालच्या मार्च महिन्यांत भूमिगत रेल्वेंत विषारी वायूचा हल्ला झाल्यावर स्टेशनांवरील पुष्कळ पेट्या काढून टाकण्यांत आल्या. म्हणून केळें खाल्ल्यास साल पिशवींत घालून घरीं आणावें लागतें.

इतका काटेकोरपणा कशासाठीं, असें नवख्यास वाटतें. त्याचें उत्तर इतिहासांत आहे. शहराचा कचरा पुष्कळ वर्षें कोतो नांवाच्या एका विभागांत, समुद्रांत भर घालण्यासाठीं, नेऊन टाकीत असत. त्या भरावाच्या एका बेटाचें नांव मोठें सुंदर होतें: युमेनोशिमा, म्हणजे ‘स्वप्नांचें बेट’. १९६५ सालच्या उन्हाळ्यांत त्या स्वप्नबेटावरून माशांचे थवे उठून जवळच्या वस्त्यांत शिरले. इतर विभागांच्या गाड्या दुर्गंधि पसरीत कोतोच्या रस्त्यांवरून धांवत; आणि त्या इतर विभागांत मात्र कचरा जाळण्याची भट्टी आपल्या शेजारीं नको म्हणून विरोध होई. १९७१ सालीं गव्हर्नर मिनोबे र्‍योकिचि यांनीं ‘कचऱ्याचें युद्ध’ पुकारलें. सुगिनामि ह्या विभागानें भट्टीस विरोध चालू ठेविला, तेव्हां १९७३ सालीं कोतोच्या लोकांनीं सुगिनामिच्या गाड्या अडविल्या. त्यांचें म्हणणें सरळ होतें: तुमची घाण आम्हीं किती दिवस सोसावी? शेवटीं आपल्या कचऱ्याची व्यवस्था आपल्या विभागांत करावी, हें तत्त्व मान्य झालें व सुगिनामींतही भट्टी उभी राहिली. युमेनोशिमावर आज बाग आहे, आणि तेथील उष्ण प्रदेशांतील वनस्पतींचें कांचगृह जवळच्या कचराभट्टीच्या उष्णतेनें उबदार ठेवितात. हा इतिहास कळल्यावर सकाळीं आठच्या आंत नीट बांधून ठेविलेली पिशवी निराळी दिसूं लागते. आपली घाण दुसऱ्याच्या दारीं जाऊं नये ह्यासाठीं भांडून मिळविलेल्या त्या समेटावर आपणही रोज सही करीत असतों.

प्रवासाचा व शांततेचा नियमही असाच आहे. टोकियोंतील पहिली भूमिगत रेल्वे १९२७ सालीं उएनो व आसाकुसा ह्यांच्यामध्यें धांवली. आज असे १३ मार्ग आहेत. त्यांशिवाय यामानोते नांवाचा वर्तुळाकार लोहमार्ग ३४.५ किलोमीटरांचा असून त्यावर ३० स्टेशनें आहेत. एक फेरी पुरी होण्यास सुमारे एक तास लागतो. वाट चुकलेल्या नवख्यास ह्या वर्तुळाचा मोठा आधार वाटतो, कारण त्यावर कोठेंही बसलें तरी कधीं ना कधीं आपलें स्टेशन येतेंच. फलाटावर रेघा आखलेल्या असतात; त्यांवर रांग धरून उतरणारांस आधीं उतरूं द्यावयाचें. डब्यांत दूरध्वनीवर बोलावयाचें नाहीं. मुंबईच्या लोकलगाडींत वाढलेल्या मनुष्यास त्या गर्दींतील निःशब्दता प्रथम भयाण वाटते, आणि लोक आपणांवर रागावले आहेत काय, अशी शंका येते. वास्तविक तेथें कोणी रागावलेला नसतो. दाटीवाटीनें राहणाऱ्या लोकांपाशीं एकमेकांस देण्यासारखी एकान्ताची एवढीच जागा उरलेली असते, ती ते मौनानें देतात. सार्वजनिक स्नानगृहांतही हाच विचार आहे: सर्वांच्या ऊन पाण्याच्या हौदांत उतरण्यापूर्वीं प्रत्येकानें बाहेर बसून अंग स्वच्छ धुवावयाचें, म्हणजे हौद सर्वांस निर्मळ राहतो.

ज्या विद्यार्थ्यांनीं आपल्या वसतिगृहांत दिवस काढले आहेत त्यांस हें समजावयास कठीण नाहीं. नवा मुलगा पहिल्या आठवड्यांत घंटेस कंटाळतो. उठण्याची घंटा, अभ्यासाची घंटा, दिवे मालविण्याची घंटा, ह्या सर्व आपल्याविरुद्धच वाजतात असें त्यास वाटतें. दुसऱ्या सहामाहींत तोच मुलगा दिवे मालविल्यावर कुजबुजणाऱ्या नव्या मुलास गप्प करतो, कारण शेजारचा मित्र उद्यां परीक्षेस बसावयाचा आहे हें त्यास आतां ठाऊक असतें. त्या दिवशीं वसतिगृह त्याचें झालें असें समजावें.

भाषेचा अडथळा सर्वांत मोठा खरा, परंतु मराठी विद्यार्थ्यापाशीं येथें कांहीं भांडवल आहे व त्याची त्यास बहुधा कल्पना नसते. जपानी लोक तीन प्रकारच्या अक्षरांनीं लिहितात. त्यांपैकीं दोन अक्षरमाला ध्वनींच्या आहेत व प्रत्येकींत मूळ ४६ अक्षरें आहेत. तिसरीं चिनी अक्षरें. सरकारनें नित्य व्यवहारासाठीं ठरविलेल्या यादींत तीं २,१३६ आहेत. ध्वनींच्या अक्षरांचा क्रम पाहा: प्रथम स्वर अ, इ, उ, ए, ओ, मग का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा ह्या पंक्ति. आपली वर्णमाला म्हणून पाहा: क, च, त, न, प, म, य, र, व. हें साम्य योगायोगाचें नाहीं. बौद्ध भिक्षूंनीं संस्कृत मंत्रांसाठीं भारतीय वर्णमालेचा अभ्यास केला, आणि तिच्या शास्त्रावरून जपानी अक्षरांचा हा क्रम लागला. आपल्या ‘प’ च्या जागीं तेथें ‘ह’ आहे, कारण प्राचीन जपानींत त्या पंक्तीचा उच्चार ‘प’ होता असें भाषापंडित सांगतात. म्हणजे जपानी शब्दकोश उघडणारा मराठी विद्यार्थी एका अर्थीं आपल्या आजोळींच आलेला असतो.

वाक्यरचनाही आपणांस जवळची आहे. ‘मी शाळेंत जातों’ ह्यास जपानींत ‘वाताशि वा गाक्को नि इकिमास’ असें म्हणतात. ‘वाताशि’ म्हणजे मी, ‘गाक्को’ म्हणजे शाळा, ‘नि’ हा आपल्या विभक्तिप्रत्ययासारखा नामाच्या मागून येणारा शब्द, आणि ‘इकिमास’ हें क्रियापद शेवटीं. इंग्रजी मनुष्यास येथें सारें वाक्य उलटें करावें लागतें. आपणांस शब्दामागें शब्द ठेवीत जातां येतें. आदरार्थी बोलण्याचे प्रकारही तेथें पुष्कळ आहेत, पण ‘तूं’, ‘तुम्ही’ व ‘आपण’ ह्यांतील भेद पाळणाऱ्या आपल्या लोकांस त्यांचें मर्म लवकर उमगतें. नांवापुढें ‘सान’ लावल्याशिवाय कोणास हाक मारूं नये. स्वतःच्या नांवास मात्र तें कधीं लावूं नये. जाण्यापूर्वीं घरीं बसून दोन्ही ध्वनिमाला शिकाव्या. त्यानें स्टेशनांचीं नांवें, दुकानांतील पाट्या व औषधाच्या बाटलीवरील सूचना कांहीं अंशीं तरी वाचतां येऊं लागतात, आणि मोठ्या माणसास अकस्मात् निरक्षर झाल्याचें जें दुःख होतें तें पुष्कळ कमी होतें.

आतां शेजाऱ्यांविषयीं. जुन्या जपानी चालीप्रमाणें नवें बिऱ्हाड आलें म्हणजे तें समोरच्या तीन घरीं व दोन्ही बाजूंच्या घरीं जाऊन ओळख सांगतें व कांहीं लहानशी भेट देतें. एदोच्या काळीं अशा वेळीं ‘सोबा’ नांवाच्या शेवया देत, कारण ‘सोबा’ ह्या शब्दाचा दुसरा अर्थ ‘जवळ’ असा आहे. आम्ही आतां तुमच्या जवळ राहावयास आलों, असा तो श्लेष. मोठ्या इमारतींत ही चाल हल्लीं मागें पडत चालली आहे. तथापि परक्यानें ती पाळावी असें मला वाटतें. साबणाची वडी किंवा हातपुसणें एवढी भेट पुरे. नांव सांगावें, कोठून आलों तें सांगावें, आणि नमस्कार करून परतावें. ह्या दोन मिनिटांनीं काय साधतें तें एरवीं कळत नाहीं. संकटाच्या दिवशीं कळतें.

१ सप्टेंबर १९२३ रोजीं दुपारीं बाराला दोन मिनिटें असतांना टोकियो व योकोहामा ह्या भागांत प्रचंड भूकंप झाला. त्यांत व त्यामागून लागलेल्या आगींत सुमारे १,०५,००० माणसें मेलीं अथवा नाहींशीं झालीं. पण त्या दिवसांतील सर्वच मृत्यु भूकंपाचे नव्हते. कोरियांतून पोटासाठीं आलेल्या मजुरांनीं विहिरींत विष घातलें, आगी लाविल्या, अशा खोट्या कंड्या उठल्या. काठ्या, तरवारी घेऊन उभ्या राहिलेल्या टोळ्या वाटसरूंस थांबवून कांहीं शब्द म्हणावयास लावीत, आणि ज्याचा उच्चार परका वाटे त्याचा प्राण घेत. सैनिक व पोलीस यांचेही हात त्यांत होते. अशा रीतीनें मारले गेलेल्या कोरियन लोकांचे अंदाज एक हजारापासून अनेक हजारांपर्यंत आहेत. कित्येक चिनी व बोबडे बोलणारे जपानीही त्यांत बळी पडले. परक्यास कोणी ओळखीत नसलें म्हणजे भीतीच्या घटकेस त्याच्याविषयीं वाटेल तें खरें मानलें जातें, हा ह्या भयंकर घटनेचा धडा आहे. हा दोष त्या बिचाऱ्या मजुरांचा नव्हता. त्यांनीं शेजाऱ्यांच्या दारीं कितीही भेटी नेल्या असत्या तरी, दार उघडणें हें आंतल्याच्या हातीं होतें.

१७ जानेवारी १९९५ रोजीं कोबे शहरीं भूकंप झाला तेव्हांचें चित्र निराळें आहे. मोडलेल्या घरांखालून जीं माणसें जिवंत निघालीं त्यांपैकीं बहुतेकांस घरच्यांनीं व शेजाऱ्यांनींच बाहेर काढलें. सरकारी पथकें त्यानंतर पोंचलीं. शेजारच्या घरांत कोण कोठें निजतें हें शेजाऱ्यासच ठाऊक असतें. मात्र त्या दिवसांत आणखी एक उणीव दिसून आली. आश्रय कोठें, पाणी कोठें, ह्याच्या सूचना परदेशी रहिवाशांस समजेनात, कारण त्या अवघड जपानींत होत्या. त्यावरून हिरोसाकि विद्यापीठांतील भाषापंडितांनीं ‘सोपी जपानी’ तयार केली. सुरक्षित स्थळीं आश्रय घेण्यास ‘हिनान’ असा भारदस्त शब्द आहे. त्याऐवजीं ‘निगेरु’, म्हणजे पळा, हा साधा शब्द वापरावा. वाक्यें आंखूड करावीं. अशा प्रकारचे तिचे नियम आहेत. आज अनेक नगरकचेऱ्या ती वापरतात. कित्येक विभागांच्या कचेऱ्या कचऱ्याच्या वारांचें पत्रकही अनेक भाषांत छापून देतात. म्हणजे पाहुण्यानें यजमानाची भाषा शिकावी हें जितकें योग्य, तितकेंच यजमानानें आपली भाषा पाहुण्यासाठीं सोपी करावी हेंही योग्य, असें त्या लोकांस अनुभवानें पटलें.

टोकियोच्या पुष्कळ विभागांत संध्याकाळीं पांचच्या सुमारास खांबांवरील ध्वनिवर्धकांतून मुलांच्या एखाद्या गाण्याची चाल वाजते. खेळणारीं मुलें ती ऐकून घरीं परततात. नवख्यास ती नुसती गोड चाल वाटते. पण भूकंप-पुराच्या वेळीं सर्वांस इशारा देणारें यंत्र चालू स्थितींत आहे कीं नाहीं, ह्याची ती रोजची तपासणी असते. त्या शहरांतील जीवनाचें मर्म मला ह्या एका गोष्टींत सांठलेलें वाटतें: संकटाची तयारी रोजच्या साध्या वेळीं, कोणास न भिवविता, करून ठेवावयाची.

विद्यार्थिमित्रहो, तुम्हांपैकीं कोणी टोकियोस जाल, कोणी आणखी कोठें. शहर बदलेल तसे नियम बदलतील. कोठें कचऱ्याचा वार निराळा असेल, कोठें मौनाऐवजीं मोठ्यानें अभिवादन करण्याची चाल असेल. प्रत्येक ठिकाणीं एवढें विचारावें कीं, हा नियम कोणत्या दुःखांतून निघाला व तो पाळल्यानें कोणाचें बरें होतें. उत्तर सांपडलें म्हणजे नियमाचें ओझें उतरतें.

आणि जे कोठेंही जाणार नाहींत त्यांच्यासाठींही येथें काम आहे. आपल्या आळींत बिहारांतून आलेला गवंडी असतो, नेपाळांतून आलेला पहारेकरी असतो, ईशान्येकडील डोंगरांतून आलेली परिचारिका असते. नळास पाणी केव्हां येतें, घंटागाडी कोणत्या वेळीं येते, जवळचा दवाखाना कोठें आहे, मुलांस शाळेंत घालावयाचें तर कोणते कागद लागतात, हें त्यांस कोणीं सांगितलें आहे काय? बहुधा नाहीं. त्यांनीं शेवया घेऊन आपल्या दारीं येण्याची वाट न पाहतां, ह्या आठवड्यांतच एकदां आपण त्यांच्या दारीं जावें, आणि सोप्या भाषेंत एवढें सांगून यावें.